चहाच्या कपांतला पाऊस

मुलांच्या कलेविषयी बोलताना 'मुलांसाठी' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. मुलांसाठी गाणी, मुलांसाठी नाटक, मुलांसाठी सिनेमा. या 'साठी'मध्ये मूल बहुधा खुर्चीवर बसलेले असते आणि करणारे कोणी दुसरेच असते. दिवाळीच्या फराळाचेच पाहा ना. आयते ताट पुढे आले की मूल करंजी खाते आणि फटाके उडवायला पळते. पण ज्या मुलाच्या हाती आईने कातण दिले, त्याचा त्या करंजीशी निराळाच संबंध जडतो. तिची कड वेडीवाकडी का असेना, ताटातल्या पन्नास करंज्यांतून ती त्याला बरोबर ओळखू येते. मुलांच्या संगीतशिक्षणाबद्दल मला जे म्हणायचे आहे, त्याचे सार एवढेच. मात्र ज्या उदाहरणांवरून मी ते म्हणणार आहे ती जरा दूरची, युरोपातल्या ऑपेरांची आहेत.

आपल्या संगीत नाटकात बोलता बोलता पद येते आणि पद संपले की पात्रे पुन्हा संवादाला लागतात. ऑपेरात बहुतेक सगळे गाऊनच सांगायचे. प्रेम गाऊन, भांडण गाऊन आणि मरणही गाऊनच. शिवाय रंगमंचासमोर मोठा वाद्यवृंद असतो आणि त्याच्यावरून पलीकडे पोचेल असा कमावलेला आवाज लागतो. अशा अवाढव्य प्रकारात मुलांचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पाश्चात्त्य संगीतकारांना हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. त्यांतल्या चार कृती मी इथे शेजारी शेजारी ठेवतो आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो: बाई, तुझ्या घरात मुलाला काम काय आहे?

पहिली कृती सगळ्यांत प्रसिद्ध. एंगेलबर्ट हुम्परडिंक या जर्मन संगीतकाराचा 'हेन्झेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमार येथे प्रथम झाला. संचालन रिखार्ट स्ट्राउसने केले होते. रानात वाट चुकलेली भावंडे आणि खाऊच्या घरातली चेटकीण ही गोष्ट आपल्याकडेही घराघरांत पोचलेली आहे. या ऑपेराचा जन्म मोठा गोड आहे. १८९० साली हुम्परडिंकच्या बहिणीने आपल्या मुलांच्या घरगुती नाटुकल्यासाठी भावाकडे चार गाण्यांना चाली मागितल्या. त्या चाली वाढत वाढत गेल्या. हुम्परडिंक हा वाग्नेरच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्यामुळे वाढता वाढता त्यांच्याभोवती वाग्नेरी थाटाचा भरघोस वाद्यवृंद उभा राहिला. संगीत अतिशय सुंदर झाले. पण एक गोष्ट हातची गेली. त्या वाद्यवृंदापुढे दहा वर्षांच्या मुलाचा आवाज टिकणे शक्य नव्हते. म्हणून हेन्झेल हा मुलगा प्रौढ गायिकेने गायचा, ग्रेटेलही प्रौढ गायिकेनेच गायची. बालगंधर्वांना सिंधू किंवा रुक्मिणी म्हणून निःशंकपणे स्वीकारणाऱ्या आपल्या रसिकांना यात वावगे काही वाटणार नाही, आणि वाटूही नये. तरीपण घरात मुलांच्या तोंडी असलेली गाणी थिएटरात पोचेपर्यंत मुलांच्या तोंडून निघून गेली, हे खरे. चेटकिणीच्या जादूतून सुटलेली मुले अगदी शेवटी समूहाने गातात, तेवढेच त्यांचे काम. बाकी वेळ मूल प्रेक्षागृहात, खुर्चीवर.

दुसरी कृती मुलाला त्या खुर्चीवरून उठवते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यात ऑल्डबरो नावाचे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. बेंजामिन ब्रिटन हा संगीतकार तिथे राहत असे आणि १९४८ साली त्याने मित्रांच्या साहाय्याने तिथे संगीत महोत्सव सुरू केला. पुढच्याच वर्षी, १४ जून १९४९ रोजी, गावातल्या ज्युबिली हॉलमध्ये 'लेट्स मेक अॅन ऑपेरा', म्हणजे 'चला, ऑपेरा करू या', हा खेळ झाला. शब्द एरिक क्रोझियर यांचे. पहिल्या भागात काही मुले आणि मोठी माणसे मिळून ऑपेरा रचायला घेतात, त्याची तालीम करतात. दुसऱ्या भागात तो ऑपेरा, 'द लिटल स्वीप', प्रत्यक्ष होतो. गोष्ट १८१० सालची आहे. धुराडी साफ करणाऱ्या माणसाला बापाने विकलेला सॅम नावाचा आठ वर्षांचा पोरगा एका मोठ्या घराच्या धुराड्यात अडकतो. त्या घरातली मुले त्याला ओढून बाहेर काढतात, न्हाऊ घालतात, खेळण्यांच्या कपाटात लपवतात आणि शेवटी पेटाऱ्यात घालून पळवून नेतात.

ब्रिटनची खरी करामत प्रेक्षकांत आहे. या खेळात चार गाणी प्रेक्षकांनी म्हणायची आहेत आणि पडदा वर जाण्यापूर्वी वाद्यवृंदाचा संचालक त्यांच्याकडे वळून त्यांची तालीम घेतो. गाणी सोपी असतील असे समजू नका. पहिले गाणे पाच पाच मात्रांच्या वजनात आहे. झपतालाशी परिचय असलेल्या आपल्या कानाला ते अवघड जाणार नाही. पण दोन-तीन-चारच्या चालीत वाढलेल्या इंग्रज श्रोत्याचा पाय तिथे हमखास अडखळतो. रात्रीच्या गाण्यात प्रेक्षकांचे चार गट करायचे: एकाने घुबड व्हायचे, एकाने बगळा, एकाने होला आणि एकाने चॅफिंच नावाचा चिमणीएवढा पक्षी. आजोबा घुबड आणि नात चॅफिंच! तिकीट काढून आलेल्या माणसाला ब्रिटनने असे कामाला लावले.

तरीही ही कृती मला सर्वस्वी पटत नाही. पहिल्या भागातले संवाद आता शिळे वाटतात आणि पुष्कळ मंडळी ते बदलून घेतात किंवा गाळतात. पण त्याहून मोठी उणीव गोष्टीत आहे. क्रोझियर यांची स्फूर्ती विल्यम ब्लेकच्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरच्या कवितांची. त्या कवितांतला दाह मात्र इथे कुठेच उरलेला नाही. सॅमच्या दुःखाला आंघोळ, खाऊ आणि चांगल्या घरची मुले एवढा उतारा पुरतो. प्रत्यक्षात पोरांना धुराड्यात चढवण्याची प्रथा १८७५च्या कायद्यापर्यंत खऱ्या अर्थाने मोडली नाही. मुलांना गायला पाच मात्रांचे अवघड गाणे द्यायचे आणि समजायला मात्र गुळगुळीत सत्य द्यायचे, हा हिशेब जुळत नाही.

नऊ वर्षांनी ब्रिटनने तो जुळवला. 'नोयीज फ्लड', म्हणजे 'नोहाचा महापूर', हा ऑपेरा १८ जून १९५८ रोजी ऑल्डबरोजवळच्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये झाला. संचालक होते चार्ल्स मॅकेरस. शब्द मध्ययुगातल्या चेस्टर शहरच्या धार्मिक नाटकांतून घेतलेले. ही नाटके त्या काळी गावातले निरनिराळे कारागीर वाटून घेत, आणि नोहाचे नाटक डी नदीचे पाणी वाहणाऱ्या पाणक्यांकडे असे. महापुराचे नाटक पाणक्यांनी करायचे, या गमतीत एक मोठे शहाणपण आहे: कला ज्याच्या त्याच्या हातातल्या कामातून उभी राहते. ब्रिटनने नेमके हेच सूत्र उचलले. हा ऑपेरा थिएटरात करू नये, चर्चमध्ये किंवा एखाद्या मोठ्या सभागृहात करावा, अशी त्याची इच्छा होती.

यात नोहा, त्याची बायको आणि आकाशवाणी ही कामे प्रौढांची. नोहाचे मुलगे, सुना, बायकोच्या सख्या आणि जोडीजोडीने तारवात शिरणारे सगळे प्राणी म्हणजे मुले. वाद्यवृंदातही थोडे कसलेले वादक आणि बाकी सारी विद्यार्थी मंडळी. ब्रिटनने कोणाला काय वाजवता येते ते आधी पाहिले आणि मग संगीत लिहिले. व्हायोलिनवाल्या मुलांचे त्याने तीन वर्ग केले. पहिल्या वर्गाला बऱ्यापैकी वाजवता यावे, दुसऱ्याला थोडेफार; तिसऱ्या वर्गातल्या मुलांनी बहुतेक मोकळ्या तारांवर गज ओढावा, डाव्या हाताची बोटे टेकवायची गरज नाही. शाळेच्या पथकातल्या मुलांना बिगूल येतो? मग प्राण्यांच्या मिरवणुकीला बिगूल. ऑल्डबरोच्या युवक मंडळातली मुले हातघंटा वाजवतात? मग इंद्रधनुष्य उगवताना घंटा. आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी कप आहेत.

या कपांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पावसाचे पहिले टपोरे थेंब कसे वाजवावेत हे ब्रिटनला सुचत नव्हते. तेव्हा त्याची सहकारी इमोजेन होल्स्ट हिने त्याला दाखवले की चिनी मातीचे कप कानाला दोरी बांधून ओळीने टांगावेत आणि लाकडी चमच्याने वाजवावेत. आपले जलतरंग ज्याने ऐकले आहे त्याला ती किणकिण सहज कल्पिता येईल. फक्त पाणी वाट्यांत नाही, आभाळात आहे. घरच्या मांडणीवरचे कप वाजवणारे मूल या ऑपेरात वादळाला सुरुवात करते.

ते वादळ हा या कृतीचा गाभा. खाली खर्जात एकच स्वरावली पुन्हा पुन्हा फिरत राहते, तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहावा तशी. तिच्यावर आधी कपांचे थेंब पडतात, मग रेकॉर्डर नावाच्या लाकडी बासऱ्यांचा वारा उठतो, मग चर्मवाद्यांचा गडगडाट, तंतुवाद्यांच्या लाटा, झांजांची वीज. कल्लोळ अगदी टिपेला पोचला की तारवातली माणसे आणि प्राणी समुद्रावरच्यांसाठीचे जुने स्तोत्र गाऊ लागतात आणि दुसऱ्या कडव्याला चर्चमध्ये बसलेली सगळी मंडळी उठून त्यांना साथ देतात. पुढे वादळ आले तसेच पायरीपायरीने उतरते आणि शेवटी पुन्हा तेच कप उरतात, एक थेंब, आणखी एक थेंब. १९६१ साली त्याच ऑर्फर्डच्या चर्चमध्ये नॉर्मन डेल मारच्या संचालनाखाली या ऑपेराचे ध्वनिमुद्रण झाले. ते मी अनेकदा ऐकले आहे. कुठे मुलांचे व्हायोलिन थोडे उतरते, कुठे आवाज चिरकतो, आणि त्याने काही बिघडत नाही. वादळात सगळेच सुरात असते तर ते वादळ खोटे वाटले असते.

शिक्षणाच्या दृष्टीने मला यात सर्वांत मोलाचे काय वाटते? मोकळी तार ओढणाऱ्या मुलाला वाजवायला थोडे आहे, पण ऐकायला पुष्कळ आहे. आपली जागा येईपर्यंत त्याने मोजत थांबायचे आहे, शेजाऱ्याची लाट कुठवर आली ते कानाने धरायचे आहे आणि नेमक्या क्षणी गज टेकवायचा आहे. क्लासमध्ये मूल एकटे शिकते आणि एकटेच परीक्षा देते. आपला स्वर आला नाही तर दुसऱ्या कोणाचे तरी अडेल, हे त्याला तिथे कधी कळत नाही. थांबून राहणे हासुद्धा संगीताचाच भाग आहे, हे शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. सोपे संगीत आणि थोडके संगीत यांत फरक आहे. ब्रिटनने मुलांना थोडके दिले, पण त्यातले काही काढून घेतले तर इमारत ढासळेल अशा जागी दिले.

दोष इथेही आहेत. नोहाची भांडखोर बायको हा जुना विनोद आज कानाला खटकतो. तारवात यायचे नाही म्हणून ती सख्यांबरोबर पीत बसते, मुलगे तिला उचलून आत नेतात आणि ती नवऱ्याच्या कानाखाली वाजवते. प्रेक्षक हसतात. पण त्या सख्यांचे काय? त्या ओरडत पुरात नाहीशा होतात आणि नाटक मागे वळून पाहत नाही. सख्यांचे काम करणाऱ्या मुलींनी तालमीत हा प्रश्न मोठ्यांना जरूर विचारावा. मात्र सॅमच्या गोष्टीसारखे इथे संकट पुसून टाकलेले नाही. पूर खरोखरीचा आहे, आणि मुलांना तो स्वतःच्या हातांनी वाजवावा लागतो.

पहिल्या प्रयोगात नोहाच्या मुलाचे काम करणारा मायकेल क्रॉफर्ड पुढे लंडनच्या रंगभूमीवर मोठा नट झाला. वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाने लहानपणी याच ऑपेरात काम केले होते आणि २०१२ सालच्या 'मूनराइज किंगडम' या चित्रपटात त्याने तो वापरला. ही माहिती रंजक आहे, पण कृतीचे मोल तिच्यावर ठरत नाही. कप वाजवणारी बाकीची मुले पुढे वाणी, शिक्षक, शेतकरी झाली असतील. त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप होता.

इथवर मी मुलाला काम देण्याचे गुणगान केले. पण चौथी कृती पाहिली की ते जपून करावे लागते. चेक संगीतकार हान्स क्रासा याने १९३८ साली आडोल्फ हॉफमाइस्टरच्या शब्दांवर 'ब्रुंडिबार' हा मुलांचा ऑपेरा लिहिला. आजारी आईच्या दुधासाठी पैसे मिळवायला दोन भावंडे चौकात गाऊ लागतात; हातपेटी फिरवून पैसे गोळा करणारा ब्रुंडिबार त्यांना हुसकून लावतो; मग एक चिमणी, एक मांजर, एक कुत्रा आणि गावातली सगळी मुले त्यांच्या मदतीला येतात. सारी कामे मुलांचीच. चाली ओठांवर चटकन बसणाऱ्या, आणि मुलांनी मिळून गायलेली अंगाई तर फारच हळवी. दोघांचा आवाज चौकाच्या गोंगाटात बुडतो आणि सगळ्यांचा मिळून ऐकू येतो, ही या कथेची कळ संगीतातूनच उलगडते.

क्रासा ज्यू होता. नाझींनी त्याला तेरेझीनच्या छावणीत डांबले. तिथे हाती असलेल्या वाद्यांसाठी त्याने वाद्यवृंदाची मांडणी नव्याने केली आणि २३ सप्टेंबर १९४३ रोजी छावणीतल्या मुलांनी 'ब्रुंडिबार' केला. तिथे त्याचे ५५ प्रयोग झाले. मधूनच काही मुले आउश्वित्झला पाठवली जात आणि त्यांच्या जागी दुसरी उभी राहत. जून १९४४मध्ये रेडक्रॉसचे पाहुणे आले तेव्हा छावणी किती सुखी आहे हे दाखवायला नाझींनी हाच खेळ लावला आणि आपल्या प्रचारपटातही त्याचा भाग घेतला. काम झाल्यावर, त्या शरद ऋतूत, गाणाऱ्या मुलांतली बहुतेक मृत्यूच्या गाड्यांत चढवली गेली. क्रासाही ऑक्टोबर १९४४मध्ये आउश्वित्झला मारला गेला. मांजरीचे काम करणारी एला वाइसबर्गर वाचली आणि २०१८ साली वारली. रंगमंचावर असेपर्यंत कपड्यांवरचा पिवळा तारा लावावा लागत नसे, असे ती सांगत असे.

म्हणून मुलांच्या गाण्याने जग सुधारते असे भाबडे विधान मी करणार नाही. त्याच गाण्याचा दुष्टांनी पडद्यासारखा उपयोग केला. पण पडदा होता तो पाहुण्यांसाठी. गाणाऱ्या मुलीला त्या वेळेपुरते एक काम होते, ते तिच्यावाचून अडत होते, आणि बाकी सगळ्या छावणीत तिचे कोणावाचून काही अडत नाही असेच तिला सांगितले जात होते. प्रयोग कोणाच्या टाळ्यांसाठी आहे आणि काम कोणाचे आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. 'ब्रुंडिबार'ने हे मला शिकवले.

आपल्याकडे हा अनुभव अगदीच अनोळखी होता असे नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत मुले कामातूनच गाणे शिकत. केशवराव भोसले यांनी अगदी कोवळ्या वयात शारदेची भूमिका गाजवली, ती काही संगीत विद्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन नव्हे. पण ते शिक्षण पोटापाण्याशी बांधलेले होते आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याची किंमत बालपणाने मोजली गेली. त्या व्यवस्थेसाठी हळहळण्याचे कारण नाही. पुढे १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढून रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने बालरंगभूमीला नवे वळण दिले, आणि मुलांचे नाटक ही गंभीरपणे करण्याची गोष्ट आहे हे मराठी पालकांना पटले. संगीताच्या बाबतीत मात्र आपण अजून 'साठी'वरच अडलो आहोत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मोबाइलला स्पीकर जोडून सिनेमाचे गाणे लावले जाते आणि साठ मुले त्याच्यापुढे हातवारे करतात. एवढा सगळा आवाज, आणि त्यात त्यांचा स्वतःचा स्वर एकही नाही! साधने नाहीत ही सबब मला मान्य नाही. जिथे बँडपथक आहे त्या शाळेत ढोल आणि बिगूल असतात, लेझमाची पेटी असते, टाळ-झांजा असतात, प्रार्थनेची बाजाची पेटी असते. आणि कप तर घरोघरी असतात. गोष्टींचा तर आपल्याकडे तोटाच नाही. उणीव आहे ती मुलांच्या हातांकडे पाहून लिहिणाऱ्या संगीतकाराची. एखाद्या मुलाला तीनच स्वर येतात असे कळल्यावर जो नाराज होणार नाही, आणि 'कोणते तीन?' एवढेच विचारून लिहायला बसेल, असा संगीतकार आपल्याला हवा आहे.